कामाला न येणाऱ्या मशीनची स्पर्धा घ्या, आणि जज म्हणून फिटर बोलवा

सरळच लिहितो. आपल्याकडची शाळांची विज्ञान प्रदर्शनं आता बघवत नाहीत. सांगली काय नि सातारा काय, तालुक्याचं प्रदर्शन म्हटलं की तेच थर्माकोलचं आदर्श गाव, तीच सोलरची पाटी, माणूस जवळ गेला की झाकण उघडणारी कचरापेटी आणि पाऊस आला की आपोआप आत जाणारे वाळत घातलेले कपडे. टेबलं तीच, फक्त टेबलामागची पोरं बदलतात. यातली निम्मी मॉडेलं तयार किटवर येतात, ऑनलाइन मागवायची, वडलांनी रविवारी बसून जोडायची, आईनं चार्टवर सुंदर अक्षरात उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष लिहायचं, आणि पोरगं बिचारं सोमवारी पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवतं. जजसुद्धा ऐकून घेतात कारण त्यांनाही पुढची चाळीस टेबलं करायची असतात आणि जेवणाची वेळ झालेली असते.

मला या जजच्या खुर्चीवर अधूनमधून बसवतात. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, त्यामुळं "उद्योजक" म्हणून नाव छापता येतं आणि जमलं तर देणगीपण मिळते, हे मला माहीत आहे नि बोलावणाऱ्यांनाही माहीत आहे. तर एका शाळेच्या पोराचा इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी होता, दिसायला एकदम भारी, रंगबिंग दिलेला. मी म्हटलं बाळा, ही मोठी सिरिंज काढून बारकी लावली तर बकेट जास्त उचलेल की कमी? पोरानं सरांकडं बघितलं, सरांनी माझ्याकडं बघितलं, आणि मग पोरानं पास्कलचा नियम पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. त्या मॉडेलला नंबर आला. पोराचा राग नाही आला मला, त्यानं सांगितलं तेवढं केलं. राग याचा की अख्ख्या कार्यक्रमात असं एकही ठिकाण नव्हतं जिथं त्यानं ते स्वतः केलंय का नाही हे उघडं पडावं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की निदान एक वर्ष, निदान एका तालुक्यात, हे प्रदर्शन बाजूला ठेवा आणि त्याऐवजी साखळी मशीनची स्पर्धा घ्या. म्हणजे काय ते सांगतो. चार-पाच पोरांची टीम, काम अगदी फालतू, समजा घंटा वाजवायची. पण ती हातानं वाजवायची नाही, गोटी सोडायची, गोटी जाऊन ठोकळे पाडणार, शेवटचा ठोकळा वजन ढकलणार, वजन खाली जाताना दोरा ओढणार, दोरा नरसाळ्याचं बूच काढणार, त्यातली वाळू वाटीत पडणार, वाटी जड झाली की तराजू कलणार, असं करत करत वीसएक टप्प्यांनी शेवटी घंटा वाजणार. मध्ये हात लावला की मार्क कट.

हे खूळ अमेरिकेतलं, लपवायचं कारण नाही. रूब गोल्डबर्ग म्हणून एक व्यंगचित्रकार होऊन गेला, जन्म १८८३चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. शिकला इंजिनिअरिंग, बर्कलीला, १९०४ मध्ये पास झाला, काही महिने गावच्या पाणी-गटार खात्यात नोकरीपण केली आणि मग सगळं सोडून पेपरात चित्रं काढायला गेला. (घरच्यांची काय अवस्था झाली असेल ते आपल्याकडच्या पालकांना वेगळं सांगायला नको.) त्याची मशीनची चित्रं म्हणजे साध्या कामाचा मुद्दाम केलेला द्राविडी प्राणायाम. एका चित्रात सूप पिताना तोंड पुसायचं मशीन आहे. चमचा उचलला की दोरी ओढली जाते, दोरीनं पळी उडते, पळीतलं बिस्किट पोपटाच्या समोरनं जातं, पोपट झेप घेतो, त्याची दांडी कलंडते, दाणे बादलीत पडतात, बादली जड होऊन लायटर पेटतो, लायटरनं फटाक्यातला बाण सुटतो, बाणाला बांधलेला विळा दोरी कापतो आणि लोलकाला अडकवलेला रुमाल आपला हनुवटी पुसत बसतो. हे चित्र १९३१चं. पुढं पर्ड्यू विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पोरांच्या दोन गटांनी १९४९ मध्ये अशी मशीन खरोखर बनवायची स्पर्धा लावली, ती १९५५ पर्यंत चालली नि बंद पडली, १९८३ मध्ये परत सुरू झाली आणि १९८८ पासून देशपातळीवर गेली. काम दरवर्षी वेगळं, एखाद्या वर्षी छत्री उघडायची, एखाद्या वर्षी झिप लावायची, एखाद्या वर्षी फळा पुसायचा.

गंमत बघा, माणूस चेष्टा करत होता, की बाबांनो साध्या गोष्टी किती अवघड करून ठेवता, आणि इंजिनिअर लोकांनी त्या चेष्टेचाच अभ्यासक्रम केला. मला यात काही चूक वाटत नाही.

आता पहिला आक्षेप, तो मी हा विषय काढला की पहिल्या मिनिटात येतो. एका मुख्याध्यापकांनी चहा संपायच्या आत विचारलं, "साहेब, पण याचा समाजाला उपयोग काय?"

काहीच नाही. शून्य. आणि म्हणूनच ही स्पर्धा घ्यायची. कारण "समाजाला उपयोग" या एका निकषानं आपल्या विज्ञान प्रदर्शनाची वाट लावली आहे. सातवीच्या पोराला कचऱ्याचा प्रश्न सोडवायला लावायचा, पुराचा इशारा द्यायला लावायचा, शेतकऱ्याचं उत्पन्न वाढवायला लावायचं, जे महापालिकेला जमत नाही, जलसंपदा खात्याला जमत नाही. २०१९ला नि २०२१ला कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीत कुठवर आलं होतं ते पोरांनी डोळ्यानं बघितलंय, आणि त्यावर उपाय म्हणून आपण त्यांच्याकडून काय घेतो, तर पाण्याचा सेन्सर आणि एक बझर. पोरगं मग साहजिकच खोटं बोलायला शिकतं. प्रश्न एवढा मोठा की उत्तर खरं असूच शकत नाही, मग चार्ट मोठा करायचा, भाषण मोठं करायचं, आणि परीक्षकपण उपयोगाचे मार्क देताना मनात विचारत नाहीत की हे चालतं का. घंटा वाजवायच्या मशीनला भाषणाचा आधारच नाही. वाजली तर वाजली.

कुणी म्हणेल आपला भाग कामाच्या मशीनचा आहे, किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यात आहे. आहेच की. १९१०ला लक्ष्मणरावांनी तिथल्या माळरानावर कारखाना आणला, आणि लोखंडी नांगरानं जमिनीत विष कालवलं जातं म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते हेही आपण सगळे ऐकून आहोत. पण तो नांगर बनवणारा माणूस त्याआधी कित्येक वर्षं सायकली खोलत-जोडत होता. आपण पोरांना खोलाजोडायची वर्षं न देता थेट नांगराचा जाब विचारतो.

दुसरं असं की या मशीनमध्ये लपवायला जागाच नसते. सेन्सरवाल्या मॉडेलमध्ये सगळं एका काळ्या डबीत असतं, डबीत काय चाललंय ते पोराला दिसत नाही, सरांना दिसत नाही, जजलाही दिसत नाही. गोटी अडकली तर ती शेवटच्या बाकावरच्या पोरालापण दिसते. आणि का अडकली यावर लगेच दहा मतं पडतात, ज्यातली दोन-तीन बरोबर असतात. सहावीच्या पुस्तकात साधी यंत्रे आहेत, नववीत पहिलाच धडा गतीचे नियम आणि दुसरा कार्य आणि ऊर्जा, म्हणजे सगळा माल शाळेनं आधीच दिलेला आहे, फक्त तो कुठं वापरायचा ते ठिकाण दिलेलं नाही.

ठोकळ्याचंच घ्या. पडणारा ठोकळा स्वतःपेक्षा दीडपट मोठा ठोकळा पाडू शकतो, हे लॉर्न व्हाइटहेड नावाच्या कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये मांडलं. ५ सेंटिमीटरपासून सुरू करा आणि प्रत्येक पुढचा दीडपट घ्या, अकरावा ठोकळा जवळजवळ ३ मीटरचा होतो, म्हणजे वर्गाच्या छताला टेकेल. बोटानं टिचकी मारायची नि शेवटी भिंतीएवढं धूड आडवं. मग पोरगं विचारतंच की एवढी ताकद आली कुठनं, आणि उत्तर असं की तो मोठा ठोकळा उभा करताना तू जो घाम गाळलास तीच ती, टिचकीनं फक्त कडी काढली. स्थितिज ऊर्जेची व्याख्या दोन मार्काला लिहिणारं पोरगं आणि हा ठोकळा स्वतः उभा केलेलं पोरगं यात फरक आहे, माझ्या शॉपमध्ये नोकरीला आलं की मला तो पाच मिनिटात कळतो.

आणि आता जो मुद्दा मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. हिशोब करा. समजा मशीनचा एक टप्पा शंभरातनं पंच्याण्णव वेळा बरोबर चालतो. कुठलंही पोरगं म्हणेल पंच्याण्णव टक्के म्हणजे डिस्टिंक्शन. पण असे २० टप्पे एकामागं एक लावले की पूर्ण मशीन बिनचूक चालायची शक्यता राहते साधारण ३६ टक्के. तीनदा चालवलं तर दोनदा बंद पडणार. टप्पा नव्वद टक्क्याचा असेल तर १२ टक्के, मग देवच आठवायचा. आणि प्रत्येक टप्पा नव्याण्णवला नेला तर ८२ टक्के. पंच्याण्णव ते नव्याण्णव हा जो चार टक्क्यांचा प्रवास आहे ना, त्यात सगळं इंजिनिअरिंग आहे. आमच्याकडं एक जॉब सहा-सात ऑपरेशनमधून जातो, टर्निंग, ड्रिलिंग, टॅपिंग, ग्राइंडिंग असं, आणि प्रत्येक ऑपरेटर म्हणतो माझ्याकडं रिजेक्शन किरकोळ आहे साहेब. सगळ्यांचं किरकोळ मिळून महिन्याच्या शेवटी कास्टिंगचा जो ढीग भंगारात जातो तो किरकोळ नसतो. हे नवीन डिप्लोमावाल्याला समजवायला मला वर्ष लागतं. सातवीतल्या पोराला ते एका दुपारी कळतं, कारण त्याची घंटा वाजत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. गेल्या मे महिन्यात माझा भाचा नि त्याच्या विश्रामबागेतल्या मित्रांनी आमच्या वरच्या खोलीत असला एक प्रकार मांडला होता, मी फक्त जागा दिली आणि शॉपमधनं थोडं भंगार. गोटीचा रस्ता म्हणून त्यांनी वायरिंगची केसिंग पट्टी वापरली, ही आयडिया त्यांची, एकदम बरोबर, कारण पट्टीला दोन्ही बाजूला कडा असतात नि गोटी बाहेर जात नाही. पण जिथं दोन पट्ट्या जोडल्या तिथं केसभर पायरी राहत होती, गोटी तिथं उडायची, कधी पट्टीत परत पडायची कधी नाही. पोरांनी आधी उतार वाढवला. गोटी आणखी जोरात उडली. मग सेलोटेप लावली, तर टेपच्या चिकटपणानं गोटी मंदावली. दोन दिवस यातच. मग त्यातली एक मुलगी, सगळ्यात कमी बोलणारी, तिनं खालच्या पट्टीचं तोंड पॉलिश पेपरनं घासून तिरकं केलं आणि वरची पट्टी तिच्यात दोन मिलिमीटर आत घुसवली. म्हणजे पायरी राहिली पण उतरती राहिली, चढती नाही राहिली. गोटी निवांत जायला लागली. पाइप फिटर वर्षानुवर्षं हेच करतो, पाणी जिकडनं येतं तिकडं सॉकेटचं तोंड, हे त्या पोरीला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं आणखी मजा. सगळं जुळलं, आम्हा मोठ्यांना बघायला बोलावलं, आम्ही पाच-सहा जण वर गेलो, बहिणीनं सवयीनं पंख्याचं बटण दाबलं, नि कॅरमच्या उभ्या केलेल्या सोंगट्यांची अख्खी रांग कुणी हात न लावता आडवी. जी ओरड झाली ती खालच्या रस्त्यावर ऐकू गेली. भाचा म्हणाला, "मामा, आता तुम्ही सगळे बाहेर थांबा, परत लावायला अर्धा तास लागंल." आम्ही जिन्यात बसलो, बहिणीला बोलणी बसली, आणि अर्ध्या तासाऐवजी तासभर लागला. पण त्या तासात त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं, त्यांनी रांगेत मध्ये मध्ये दोन सोंगट्यांची जागा रिकामी ठेवली, म्हणजे चुकून पडलंच तर सगळी रांग जाऊ नये, आणि चालवायच्या आधी शेवटी त्या जागा भरल्या. पंख्याच्या बटणावर कागद चिकटवला. शॉपमध्ये याला आम्ही मोठी मोठी नावं दिलेली आहेत, त्याची ट्रेनिंगं होतात, चहा-बिस्किटासकट.

तर आता जज कोण, यावर माझं मत पक्कं आहे. प्राध्यापक नको, उद्योजक नको (म्हणजे मीपण नको), नगरसेवक तर नकोच. जज म्हणून एमआयडीसीतला मुरलेला फिटर बोलवा, आणि दुसरा जज म्हणून गणपतीच्या हलत्या देखाव्यांचं काम करणारा माणूस. या दुसऱ्या माणसाबद्दल जरा सांगतो कारण त्याला आपण कलाकार म्हणतो, फार तर डेकोरेशनवाला म्हणतो, मेकॅनिक कुणी म्हणत नाही. गणपतीत सांगली-मिरजेला देखावे बघत फिरताना आपण पुढनं बघतो. एकदा मागनं बघा. गदा वर-खाली करणाऱ्या भीमाच्या पाठीमागं चारचाकीची जुनी वायपर मोटर असते, १२ व्होल्टची, भंगारबाजारातनं आणलेली, तिच्या शाफ्टला वेल्डिंग केलेली लोखंडी पट्टी, पट्टीच्या टोकाला नटबोल्ट, आणि तिथनं एक सळई थेट खांद्यापर्यंत. तो बोल्ट सेंटरपासून किती लांब लावला यावर गदा किती उचलणार ते ठरतं, पट्टीला म्हणून आधीच चार भोकं मारून ठेवलेली असतात, ट्रायल घ्यायची नि बसेल त्या भोकात बोल्ट टाकायचा. हे कम्प्युटरवर कॅड-बीडमध्ये कुणी काढलेलं नसतं. आणि ते दहा दिवस, रोज संध्याकाळपासून रात्रीपर्यंत, पावसात, व्होल्टेज वर-खाली होत असताना, माणसांच्या गर्दीत चालतं. बंद पडलं तर मंडळाची पोरं त्याला झोपू देत नाहीत. एवढी कडक परीक्षा आमच्या कुठल्याच कस्टमरनं आजवर घेतली नाही.

आणि ही परंपरा इथली जुनी आहे. १८४३ मध्ये सांगलीत पहिलं नाटक करणाऱ्या विष्णुदास भाव्यांचं नाव सगळे घेतात, रंगभूमी दिन करतात, पण त्याच भाव्यांनी लाकडाच्या कळसूत्री बाहुल्यापण बनवल्या होत्या हे किती जणांना आठवतं? हात-पाय-मान दोऱ्यानं हलवायची म्हणजे दोरा कुठं बांधायचा, सांधा कुठं ठेवायचा, वजन कुठं द्यायचं हाच सगळा खेळ. साताऱ्याकडं बघायचं तर कर्मवीर भाऊराव अण्णांनी १९१९ला काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली ती हातानं काम करत शिकण्यावरच, कमवा आणि शिका ही काही अमेरिकेतनं आलेली गोष्ट नाही. त्यामुळं स्पर्धा परकी, आपल्या मातीत रुजणार नाही वगैरे कुणी म्हणू नये. फक्त काम इथलं द्या. सांगलीत भडंगाच्या वाटीवर लिंबू पिळायचं मशीन. साताऱ्यात कंदी पेढा बॉक्समध्ये ठेवून झाकण लावायचं. लिंबाचं काम दिसतं त्यापेक्षा अवघड आहे, पिळायला जोर लागतो नि गोटीत तो जोर नसतो, म्हणजे आधी कुठंतरी वजन उचलून ठेवलंच पाहिजे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो पहिल्यापेक्षा खरा आहे. स्पर्धा जाहीर झाली की मोठ्या फीच्या शाळा किट आणणार, बाहेरनं कोच आणणार, लेझर कटिंग करून आणणार, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतलं पोरगं नारळाच्या करवंट्या घेऊन शेजारी उभं राहणार. हे होणार, नियम नाही केले तर शंभर टक्के होणार. म्हणून खर्चाची मर्यादा घाला, समजा दोनशे रुपये, आणि बाकी सगळं घरातलं नाहीतर भंगारातलं. पण नुसत्या मर्यादेनं भागत नाही, बिलं खोटी करायला आपल्याला कुणी शिकवायला नको. खरा उपाय असा की वस्तू तिथंच द्या. सकाळी हॉलमध्ये प्रत्येक टीमला सारखी पोती द्यायची, त्यात केसिंग पट्टी, गोट्या, दोरा, जुने बेअरिंग, डबे, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, आणि घरनं आणायच्या वस्तू फक्त पाच. मग ज्याचा बाप श्रीमंत त्याच्याकडंपण तेच बेअरिंग. आमच्या शॉपमध्ये बाद झालेली बेअरिंगं पडून असतात, कुपवाड-मिरज एमआयडीसीत अशी किती शॉप आहेत, एका दिवसात टेम्पो भरेल.

पालकांनी हॉलच्या बाहेर थांबायचं. यावर तडजोड नको.

आणि व्हिडिओ पाठवायची स्पर्धा अजिबात नको. नेटवर असल्या मशीनचे जे भन्नाट व्हिडिओ दिसतात त्यातलं यशस्वी टेक तेवढं आपल्यापर्यंत येतं, आधीचे फसलेले सगळे कापलेले असतात. पोरांना ते बघून वाटतं की लोकांचं पहिल्या झटक्यात होतं नि आपलंच होत नाही. समोरासमोर चालवायचं, दोनदा. पहिल्यांदा चालवलं, मग टीमनं पूर्ण मशीन परत लावायचं, घड्याळ लावून, आणि दुसऱ्यांदा चालवायचं. दोन्हीचे मार्क सारखे. एकदा नशिबानं होतं, दोनदा नशिबानं होत नाही.

परत लावण्याबद्दल अजून एक, कारण त्यात एक गोष्ट लपलेली असते. प्रदर्शनातल्या बहुतेक टीममध्ये मी हे बघितलंय की मुली माहिती सांगतात, चार्ट लिहितात, फुलं-पानं चिकटवतात, आणि स्क्रूड्रायव्हर मुलांच्या हातात असतो. कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं तसंच. तर दुसऱ्यांदा मशीन लावताना कुठला टप्पा कुणी लावायचा हे जजनं ठरवावं, बोट दाखवावं, तू लाव. ज्या टीमनं एका-दोघांवर सगळं टाकलंय ती टीम तिथंच अडकेल. पुढच्या वर्षी शाळा आपोआप सगळ्यांच्या हातात पक्कड देतील, त्यासाठी वेगळ्या जीआरची गरज पडणार नाही. भाच्याच्या टीममधल्या त्या मुलीनं पॉलिश पेपर हातात घेतला कारण तिथं मोठं कुणी नव्हतं, असं मला वाटतं. शाळेत असतं तर तिला शीर्षक लिहायला बसवलं असतं.

शिक्षकांची बाजूपण आहे. ते म्हणतात आम्हाला आधीच निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात हे आणखी एक. बरोबर आहे, मला त्यांची कीव येते. पण यासाठी नवीन काही शोधायला नको. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांना दहा दिवस दप्तराविना म्हटलेले आहेत, सुतार, माळी, कुंभार अशा गावातल्या कारागिरांच्या हाताखाली शिकायला. त्या दिवसांचं काय करायचं म्हणून शाळा डोकं खाजवतात नि शेवटी सहल काढतात. त्यातले तीन-चार दिवस इथं वापरा, कारागीर म्हणून तो फिटर नि तो देखाव्यावाला आहेच. अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे शाळेतच पोरांनी हातानं वस्तू करून बघायच्या खोलीसाठी, केंद्र सरकार निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत देतं, त्यात थ्रीडी प्रिंटर येतो, रोबोचे किट येतात. चांगलं आहे, चांगल्या शाळांनी चांगलं वापरलंही असेल. पण मी एका लॅबमध्ये गेलो होतो तिथं किटच्या खोक्यांचं प्लास्टिकपण काढलेलं नव्हतं, मोडलं तर भरून कोण देणार म्हणून. गोटी मोडत नाही, हरवली तर दुसरी मिळते. महागड्या वस्तूला पोरगं घाबरून हात लावतं, आणि घाबरून हात लावलेल्या वस्तूतनं कुणी काही शिकत नाही. इन्स्पायर मानक या शाळकरी पोरांच्या विज्ञान-कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेत निवडलेल्या पोराच्या खात्यावर दहा हजार रुपये येतात, माझ्या हिशोबानं त्या एका पोराच्या पैशात या स्पर्धेची पूर्ण तालुक्याची पोती भरतात, वरनं सगळ्यांना भडंग.

एक अडचण मात्र मला अजून सुटलेली नाही. जिंकण्यासाठी पोरं टप्पे कमी नि सोपे ठेवतील, वीस टप्पे म्हटलं की नुसते वीस ठोकळे लावून मोकळे होतील. अमेरिकेतल्या स्पर्धेतपण कल्पकतेला, विनोदाला, गोष्ट सांगण्याला मार्क असतात ते बहुतेक याचसाठी. पण कल्पकतेचे मार्क म्हटलं की आपल्याकडं परत भाषण आलं, परत थर्माकोल आलं, परत ओळखीपाळखी. मला वाटतं एकच नियम पुरेल, सलग दोन टप्पे एकाच प्रकारचे नकोत, ठोकळ्यानंतर परत ठोकळा चालणार नाही, वजन आलं पाहिजे, पाणी आलं पाहिजे, दोरा आला पाहिजे. विनोदाला मार्क ठेवायचे असतील तर ते पोरांनी पोरांना द्यावेत, कुठल्या मशीनला सगळ्यात जास्त हसलो ते. यावर कुणाकडं याहून बरं काही असेल तर सांगा, विशेषतः ज्यांनी इंजिनिअरिंग कॉलेजच्या टेकफेस्टमध्ये असं काही घेतलंय त्यांनी.

राहिलं बक्षीस. ढाल, करंडक, शाल, श्रीफळ काही नको, शाळांच्या कपाटात जागा नाही. जिंकणाऱ्या टीमला टूलबॉक्स द्या, चांगल्या कंपनीचा, पक्कड, पाने, मीटर, छोटी हॅक्सॉ असलेला, आणि तो शाळेला नाही, पोरांना, आळीपाळीनं घरी न्यायला. पहिल्या वर्षीचा एक टूलबॉक्स माझ्याकडून. दोन फिटरपण देतो, त्या दिवसाचा पगार न कापता. हॉल, आणि पंखे बंद ठेवायला तयार असणारा एक मुख्याध्यापक, एवढं तुमच्याकडून पाहिजे.